बटण लपवले म्हणजे दार बंद झाले काय?

संगणकाचा विषय निघाला की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की, पडद्यावर दिसते तोच प्रोग्रॅम. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मीही त्याच मताचा होतो. त्या सुट्टीत एका लहानशा कचेरीत काम केले आणि माझे मत बदलले. त्याची किंमत मात्र दुसऱ्याला मोजावी लागली.

कचेरीत 'टॉमकॅट' हा सर्व्हर होता. सन कंपनीने 1999 साली अपाची संस्थेच्या हवाली केलेला हा प्रोग्रॅम आजही जगभर वापरात आहे. आमच्याकडे हजेरी, रजा, पावत्या अशी तीन-चार ॲप्लिकेशन्स त्यावर चालत. कोणते चालू आहे, कोणते बंद, हे साहेबांना एका ठिकाणी दिसावे म्हणून व्यवस्थापनाचे एक पान मी तयार करावयाचे होते. पान दोन दिवसांत झाले. खरे काम त्याच्या पाठीमागे असते. पान सर्व्हरकडे ठरावीक पत्त्यांवर विचारणा करते आणि सर्व्हर कसलीही सजावट न करता नुसती माहिती परत पाठवतो. या पत्त्यांना 'एंडपॉइंट' म्हणतात. पोस्टातल्या खिडकीसारखे समजा. कागद आत सरकवावा, उत्तर बाहेर यावे. माझ्या खिडक्या चार होत्या: यादी द्या, स्मृती किती वापरली ते सांगा, ॲप्लिकेशन थांबवा आणि ॲप्लिकेशन काढून टाका. शेवटच्या दोन खिडक्या आतल्या आत टॉमकॅटच्या 'मॅनेजर'ला निरोप देत.

ज्यांना केवळ पाहण्याचा अधिकार होता त्यांच्या पानावरून मी 'काढून टाका' हे बटण लपवले आणि मोठा बंदोबस्त केला असे मानले. एंडपॉइंट मात्र एवढेच विचारी की माणूस लॉगिन झालेला आहे ना? शिवाय तो 'गेट' या साध्या विनंतीवर चालत होता; म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता उघडला की काम फत्ते. वेबच्या नियमांत 'गेट' ही केवळ पाहण्याची विनंती आहे, तिने काही बदलू नये असा संकेत आहे. ब्राउझर त्याच भरवशावर जुने पत्ते लक्षात ठेवतो आणि पहिली अक्षरे टाइप करताच पुढे करतो.

हजेरी पाहणाऱ्या काकांपुढे त्याने नेमका माझा चाचणीचा पत्ता केला, कारण मी त्यांच्याच यंत्रावर बसून चाचणी घेतली होती. काकांनी एंटर दाबले आणि हजेरीचे ॲप्लिकेशन सर्व्हरवरून नाहीसे झाले. नोंदी डेटाबेसमध्ये सुखरूप होत्या, पण दुपारपर्यंत पान उघडेना. "कळत नाही तर हात कशाला लावता?" असे साहेब सर्वांसमक्ष बोलले. काका मान खाली घालून उभे होते. मला कारण कळले होते. मी गप्प बसलो.

ही चूक नवशिक्यांचीच असते असेही नाही. 'जेबॉस' या सर्व्हरच्या व्यवस्थापन पानावर पहारा होता, पण तो 'गेट' आणि 'पोस्ट' या दोनच प्रकारच्या विनंत्यांवर नेमलेला. 'हेड' नावाची तिसरी विनंती आहे. तिच्यात उत्तराचा मजकूर परत येत नाही, पण आतले काम 'गेट'सारखेच होऊन जाते. ती पहारेकऱ्याच्या समोरून आत शिरे. 2010 साली दुरुस्ती निघाली. तरी 2011 मध्ये ज्यांनी ती केली नव्हती त्यांच्या सर्व्हरांत याच वाटेने एक किडा पसरला. टॉमकॅटच्या मॅनेजरने निदान अधिकारांचे चार वेगळे भाग पाडले आहेत: पडदा वापरणारा, प्रोग्रॅममधून आज्ञा देणारा, आतल्या यंत्रणेशी बोलणारा आणि केवळ स्थिती पाहणारा. त्याच्या मजकुरी आज्ञा मात्र अजून 'गेट'वरच चालतात. हे मला पटत नाही, आणि मोठ्यांनी केले म्हणून आपण करावे असेही नाही.

दहा माणसांच्या कचेरीत एवढा काटेकोरपणा कशाला, असे माझा एक मित्र म्हणाला. माझे म्हणणे उलट आहे. मोठ्या ठिकाणी कोणीतरी नोंदवही उघडून बघतो. लहान ठिकाणी साहेबांचा अंदाज हाच निकाल ठरतो. एंडपॉइंटने प्रत्येक वेळी स्वतः विचारले पाहिजे की हा माणूस कोण आणि याला हे करण्याचा अधिकार आहे काय. आणि झाले ते नावानिशी व वेळेनिशी लिहून ठेवले पाहिजे. पडद्याच्या भरवशावर त्याने राहू नये.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना खरे सांगितले. ते हसले, "होते असे," म्हणाले. मला रागावले नाहीत, हे मला फार लागले. चारही एंडपॉइंट मी पुन्हा लिहिले. आता काकांच्या नावाने तो पत्ता उघडला तर साफ नकार मिळतो. तसे मी काकांना दाखवलेही. त्यांनी लांबूनच पाहिले. हजेरीचे पान ते अजून शेजारच्या मुलीकडून उघडून घेतात.