सोंगाड्याची सुपारी आणि सरकारी हातोडा

वाचकहो, आम्ही शिर्डीचे शेतकरी. रात्रीची करमणूक म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे जत्रेतला तंबू, ढोलकीची थाप आणि सोंगाड्याची बतावणी उभी राहते. परंतु मुंबईस चाकरीला असलेल्या पुतण्याने हट्ट धरला, "काका, आमच्याकडचाही तमाशा एकदा बघाच!" म्हणून गेलो. तळघरासारखी खोली, पन्नास-साठ खुर्च्या, एक माइक आणि त्यापुढे एकटा पोरगा. ना ढोलकी, ना तुणतुणे, ना मावशी. तोच शाहीर, तोच सरदार, तोच सोंगाड्या.

आमची टोपी दिसताच स्वारी आमच्याकडे वळली. "काका, कुठून आलात?" "शिर्डीहून." "मग जमीन हॉटेलाला दिली असेल, आता वेळ जात नाही म्हणून इथं!" खोली खदखदली. आमच्या जमिनीत आजही पेरूची झाडे उभी आहेत. पण सांगावे कोणास? पुढे त्याने घरोघरी भांडी घासणाऱ्या बाईची बोली काढून दाखवली, तेव्हा मात्र काळजाला लागले. ती बोली आमच्या आईची. जी बाई ह्या लोकांची खरकटी काढते, तिच्या तोंडच्या शब्दांस हसण्यासाठी हे लोक तिकीट काढून बसले होते!

तरी आम्ही काय केले? गप्प बसलो. दोन-चार ठिकाणी हसलोही, कारण पोरगा हुशार होता. बाहेर चहाच्या टपरीवर त्याची गाठ पडली तेव्हा म्हटले, "बाबा, मोलकरणीची नक्कल सोपी आहे. तिच्या मालकाची करून दाखव. त्याच्याही वरच्या मालकाची करून दाखव." पोरगा खाली बघून म्हणाला, "काका, खारचं काय झालं ते ऐकलंत ना? वरच्यावर बोललो, तर ही खोली उद्या जागेवर राहायची नाही."

वाचकहो, त्या पोराचे एवढे एक वाक्य आम्ही मुंबईहून गाठीस बांधून आणले आहे.

खारचे काय झाले? तिथे 'हॅबिटॅट' नावाची अशीच एक लहानशी खेळाची जागा. कुणाल कामरा नावाच्या विनोदकाराने तिथे, नाव न घेता, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटले. त्याचे चित्रण 2025 च्या मार्च महिन्यात लोकांपुढे आले. 23 मार्चच्या रात्री शिंदे यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते आत शिरले आणि त्यांनी खुर्च्यांचा चुराडा केला. काही जणांस अटक झाली, व त्यांस लागलीच जामीनही मिळाला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन त्याच जागी हजर! म्हणे बांधकाम बेकायदेशीर. काय हो, इतकी वर्षे ते बांधकाम दिसले नाही, आणि गाणे ऐकू येताच दिसले? कानाने पाहणारी ही महापालिका धन्य होय! मालकाने जागा बंद केली. गाणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. 25 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले, तेव्हा त्याची मान मोकळी झाली.

उपमुख्यमंत्र्यांनी तोडफोडीचे समर्थन केले नाही, हे आम्ही न्यायाने नमूद करतो. परंतु क्रियेला प्रतिक्रिया उमटते, असेही ते म्हणाले. आणि ही टीका सुपारी घेतल्यासारखी आहे, असेही म्हणाले. सुपारी! अहो, सुपारी ही तर तमासगिराची इभ्रतीची रोजी. नारायणगावी दर साली पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच जाऊन जत्रेची सुपारी देतात, आणि त्या सुपारीत राजाची थट्टा गृहीत धरलेली असते. वगातला राजा सिंहासनावर बसतो तोच मुळी सोंगाड्याने त्याची फजिती करावी म्हणून. सुपारी घेऊन हसवणारा गुन्हेगार, आणि सुपारीवाचून खुर्च्या फोडणारा निष्ठावंत, हा कुठला न्याय?

आणि हे कोणी करावे? ज्या पक्षाचा पाया व्यंगचित्राच्या रेघेवर घातला गेला, त्याने! बाळासाहेब ठाकरे यांनी 1960 साली 'मार्मिक' काढले, ते सत्ताधाऱ्यांची टोपी उडवण्यासाठीच. शिवसेना जन्मली त्यानंतर, 1966 साली. पुढे 1971 साली दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या' ह्या चित्रपटास दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळेना, तेव्हा ती मिळवून देण्यास हेच शिवसैनिक धावले होते. काल सोंगाड्यासाठी थिएटर उघडणारे हात आज सोंगाड्याचे थिएटर फोडतात. थट्टा आपण केली की बाणा आणि आपली झाली की अपमान: आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

थट्टा सोसावी कशी, हे शिकण्यास आमच्या शिर्डीस या. साईसच्चरित लिहिणारे दाभोळकर सरकारी हुद्द्यावरचे गृहस्थ. बाजाराच्या दिवशी बाबांपुढे बसले असता त्यांच्या कोटाच्या अस्तनीतून हरभरे गळाले. झाले! बाबांनी भर मंडळीत त्यांची फिरकी घेतली, की ह्याला एकट्याने खाण्याची खोड आहे. दाभोळकरांनी मशिदीत हातोडा नेला काय? त्यांनी आपलीच फजिती आपल्या हाताने पोथीत लिहून ठेवली, आणि आज लाखो लोक ती भक्तीने वाचतात. लहान झाले काय ते?

आता दोन शब्द घरच्यांना. मुंबईस हातोडा लागला. आमच्याकडे तोही लागत नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या एका जत्रेत सुपारीचे पैसे एका पुढाऱ्याने दिले. बतावणीआधी सोंगाड्यास तंबी मिळाली, की साहेबांवर नको, कारखान्यावर नको, उसाच्या भावावर तर मुळीच नको. मग बिचारा रात्रभर कोणावर बोलला? बायकोवर, सासूवर, आंधळ्या-पांगळ्यांवर. पाटाचे पाणी वरून अडवले की ते फुटेल तिकडून खाली वाहते, थट्टेचेही तसेच. मुंबईचा पोरगा मोलकरणीस हसतो आणि आमचा सोंगाड्या सासूस हसतो, ह्याचे कारण एकच. वरच्या दाराशी हातोडा घेऊन कोणीतरी उभा आहे.

जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले, तेव्हा कुणब्यास लुबाडणाऱ्या जोशाचे पितळ उघडे पाडण्याचे काम त्यांनी विदूषकाकडेच दिले. दक्षिणा प्राइझ कमिटीस ते नाटक रुचले नाही. कमिट्या बदलल्या, नाके तीच राहिली. मिरच्या अजून झोंबतातच.

म्हणून पंचांनो, यंदाच्या जत्रेची सुपारी पुढाऱ्याच्या पैशाने देऊ नका. घरटी पट्टी काढा, आणि सोंगाड्यास सांगा, "बोल बाबा, साहेबांवर बोल, सरपंचावर बोल, आमच्यावरही बोल." आमची थट्टा झाली, आम्ही चहा पिऊन घरी आलो. जे एका शेतकऱ्यास सोसते, ते सत्तेच्या खुर्चीवर बसणाऱ्यास सोसत नसेल, तर त्याने खुर्ची सोडावी. दुसऱ्याच्या खुर्च्या मोडू नयेत.