उत्तर देणारे कोणी हवे

विद्यार्थी वर्गात प्रश्न विचारीत नाहीत, अशी तक्रार आपण शिक्षक नेहमी करतो. तीत तथ्य आहे. परंतु तास संपल्यावर, जिन्यात किंवा ग्रंथालयाच्या दाराशी तेच विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, ते अभ्यासक्रमात नसतात. कुत्र्याचा दात नुसता ओझरता लागला, तर लस घ्यावी काय? तापाला मित्राकडच्या उरलेल्या गोळ्या चालतील काय? जलसंजीवनीची पुडी किती पाण्यात घालावी? रात्र-रात्र झोप लागत नाही, हे कोणाला सांगावे? प्रश्न साधे आहेत. मात्र त्यांची उत्तरे देणे कोणाच्याच कामाच्या वाटणीत बसत नाही, ही खरी अडचण आहे.

ग्राहकाला वस्तूचे गुणदोष कळतात, असे अर्थशास्त्रात सामान्यतः गृहीत धरले जाते. वैद्यकीय सेवेच्या बाबतीत हे गृहीतकच टिकत नाही, असे केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. घेणाऱ्याला काय घ्यावे ते ठाऊक नसते आणि पुष्कळदा ज्याच्या सल्ल्यावर तो विसंबतो, त्यालाच विक्रीतून लाभ होत असतो. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचा डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा औषधविक्रेता! डॉक्टरची फी वाचली, एवढेच त्याचे गणित. परंतु विषाणूंमुळे आलेल्या सर्दीतापावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. उलट अकारण वापरामुळे जंतू त्यांना दाद देईनासे होतात. आज वाचलेल्या फीची किंमत उद्या दुसऱ्याच एखाद्या रुग्णाला मोजावी लागते. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह ठेवण्याचे बंधन २०१४ पासून विक्रेत्यांवर आहे. नियम आहे, चिठ्ठीशिवाय गोळी मागू नये, हे ग्राहकाला सांगणारा नाही.

श्वानदंशाचे उदाहरण याहून गंभीर आहे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे उत्तर एका वाक्यात संपते. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. एक वडी साबण आणि एक अचूक वाक्य यांवर जेथे जीव अवलंबून असतो, तेथे ते वाक्य वेळेवर कानी पडू नये, यास काय म्हणावे?

ज्ञान साधे असले तरी ते पोहोचवावे लागते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर व सोडा यांच्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. त्याच उपायाची पुडी आज कोठेही मिळते. पण ती पेलाभर पाण्यात अंदाजाने कालविणारे पदवीधर आहेत. पुडीवर लिटर लिहिले असेल, तर लिटरच हवे.

आज सर्व माहिती प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे, असा आक्षेप कोणी घेईल. माहिती आहे, हे खरे. परंतु दहा उत्तरांतील योग्य कोणते, हे ठरविण्याची पात्रता जो विचारतो त्याच्यापाशी नसते. म्हणूनच तर तो विचारतो. शिवाय चांगले उत्तर देणारा आधी उलट प्रश्न करतो : केव्हा चावले, ताप किती दिवस आहे, घरी कोणाला सांगितले काय?

अनेक महाविद्यालयांच्या शुल्कपावतीवर वैद्यकीय तपासणीचा रकाना असतो. वर्षातून एकदा उंची-वजन मोजले, की तो सार्थकी लागतो! त्याऐवजी आठवड्यातून एक तास जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर महाविद्यालयात बसावेत. विद्यार्थिनींसाठी स्त्री-डॉक्टर असाव्यात. नाव न घालता प्रश्न टाकण्यासाठी पेटी ठेवावी आणि उत्तरे मराठीत फलकावर लावावीत. त्याच फलकावर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी २०२२ पासून सुरू असलेला १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ठळक लिहावा. झोप न लागणाऱ्या मुलाला ‘अभ्यास वाढव’ असे सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगणे अधिक हिताचे.

शिक्षकाने डॉक्टर होऊ नये. तशी अपेक्षाही नाही. कोठे जावे आणि किती लवकर जावे, एवढे जरी त्याला सांगता आले, तरी पुष्कळ झाले. विद्यार्थ्याला परीक्षेतील प्रश्नांची उत्तरे शिकविणाऱ्या संस्थेने त्याच्या जिवाशी निगडित प्रश्न मात्र दुकानदारावर सोपवावेत, हे शिक्षणाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे नाही.