गोळी लागते, पण हरीण पडत नाही

मागच्या वीकेंडला धाराशिवकडे गावी गेलो होतो. काळविटांनी हरभरा खाल्ला म्हणून काका वैतागलेले. "सरकारनं बंदुका द्याव्यात बघ!"

काकांचं नुकसान खरंच आहे. पुण्यात बसून 'किती क्यूट' म्हणणाऱ्यांत मीही होतोच. पण सिनेमातल्यासारखं गोळी लागली की हरीण जागेवर कोसळत नाही हो. फुफ्फुसात लागली तरी शंभरेक मीटर सहज पळतं. पोटात लागली तर तासन्‌तास जिवंत राहतं, आडोशाला जाऊन बसतं. शिकारी घाईनं मागे गेला की उठून आणखी लांब जातं. रक्ताचा माग काढावा, तर जखम वरच्या अंगाला असली की रक्त आतच साठतं, बाहेर थेंब नाही. त्यात आपल्याकडे डोक्याच्या वर गेलेली ज्वारी आणि भेगाळलेली काळी माती. सापडणार कसं?

काळवीट 1972 च्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर तुरुंग, हे काकांनाही माहीत आहे. माझं म्हणणं वेगळंय. भरपाई वेळेवर द्या, कुंपणाला पैसे द्या. बंदुकीनं पीक वाचेल न वाचेल, ज्वारीत तडफडणारी जनावरं मात्र वाढतील.

काका म्हणाले, "मग राखणीला येतोस का रात्री?"

गेलो, बॅटरी घेऊन.