पाण्यावरचं घर की वाळूवरचं?

तुमच्या फोनमध्ये हॉटेलचं ॲप आहे ना? मग एक मिनिट हा लेख बाजूला ठेवा आणि त्यातला पॉइंट्सचा आकडा बघून या. बघितलात? बॉस, तो आकडा म्हणजे पैसा आहे! सोमवारी पहाटे साडेचारची कॅब, गुरगाव नाहीतर चेन्नई, चार रात्री त्याच त्या करड्या गालिच्याची खोली, रूम सर्व्हिसचं तेच क्लब सँडविच आणि शुक्रवारी रात्री अर्धमेल्या अवस्थेत घरी. ऑडिट, सेल्स, कन्सल्टिंगवाल्या पब्लिकला वेगळं सांगायला नको. बिल कंपनी भरते, पॉइंट्स मात्र आपल्या खात्यात पडतात.

माझ्या खात्यात तीन वर्षांत एवढे साठले की मालदीवच्या पाच रात्री निघाव्यात. मुंबईहून थेट विमान, भारतीय पासपोर्टला उतरल्यावर फुकट व्हिसा. म्हणजे सगळं कसं सेट! आणि मग सुरू झालं खरं महाभारत. कुठला व्हिला?

मला हवा होता पाण्यावरचा. खांबांवर उभा, खाली निळाशार लगून, डेकवरून शिडी थेट समुद्रात. नवऱ्याला हवा होता वाळूवरचा. कारण अगदी सिंपल, त्याला पोहता येत नाही. ‘उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की समुद्र, ही तुझी लक्झरी. माझ्यासाठी ती नजरकैद आहे,’ असं त्याचं म्हणणं. मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली.

व्हॅल्यूचा फंडा

पॉइंट्सवाल्यांचा एक लाडका हिशोब असतो. खोलीचा रोखीतला दर भागिले पॉइंट्स. समजा एका व्हिलाला रात्रीचे ८०,००० पॉइंट्स लागतात आणि त्याचा दर आहे १ लाख २० हजार रुपये. म्हणजे पॉइंटला दीड रुपया मिळाला. दुसऱ्याला लागतात ५०,००० पॉइंट्स, दर ५० हजार. म्हणजे पॉइंटला एक रुपया. शीट म्हणते, पहिला घ्या, दीडपट फायदा!

पण जरा थांबा. रात्रीला सव्वा लाख मोजून तुम्ही त्या खोलीत कधी राहिला असतात का? मी तर नाही. मग जे पैसे मी कधी खर्चच करणार नव्हते, ते ‘वाचले’ कसे? सेलमध्ये पाच हजारांची साडी तीन हजारांत मिळाली म्हणून दोन हजार कमावले म्हणणाऱ्या काकूंसारखंच झालं हे. शीटवरचा दीड रुपया हॉटेलच्या रेट कार्डाने ठरवलेला असतो. तुमच्या सुट्टीशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

फुकट म्हणजे किती फुकट?

मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्टला अख्खं बेट स्वतःचं असतं. ऐकायला रोमँटिक, खिशाला जड. कारण तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न पॉइंट्सने सुटत नाही. शेरेटन फुल मूनसारखं मालेजवळचं रिसॉर्ट असेल तर विमानतळावरून स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटांत पोचता. बा अटॉलमधलं वेस्टिन किंवा दक्षिण आरीमधलं कॉनराड रंगाली म्हटलं की सीप्लेन. दक्षिणेकडचं पार्क हयात हदाहा म्हणजे आधी कूड्डूपर्यंत देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. सीप्लेनचं जाण्या-येण्याचं भाडं माणशी साधारण ४०० ते ७०० डॉलर धरा. म्हणजे दोघांचे हजारेक डॉलर तर ‘फुकट’ खोलीचं दार उघडायच्या आधीच गेले!

शिवाय सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र माले नाहीतर हुलहुमालेच्या हॉटेलात काढायची, आणि तिचं बिल वेगळं.

मग कर. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी, रात्रीला १२ डॉलर झालाय. दोघं, पाच रात्री, १२० डॉलर. पॉइंट्सवर राहिलात तरी बहुतेक ठिकाणी हा रोख द्यावा लागतो. आणि जेवण! बेटावर दुसरं हॉटेल नाही, कोपऱ्यावर वडापावची गाडी नाही. मेनूतल्या किमतीवर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या सगळ्यावर पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे मेनूत १०० डॉलर वाचलंत की बिलात जवळजवळ १२९ दिसणार. नाश्ता तुमच्या मेंबरशिपच्या लेव्हलवर फुकट मिळतो का, ते ब्रँडनुसार आधीच विचारून घ्या. पाच दिवसांत दोघांचे दहा नाश्ते म्हणजे किरकोळ रक्कम नाही.

हे सगळं शीटमध्ये टाकलं आणि माझा दीड रुपयावाला व्हिला धाडकन खाली आला. तो सीप्लेनचा होता. नवऱ्याचा वाळूवरचा स्पीडबोटीचा होता.

फोटोत न दिसणारा वारा

पाण्यावरच्या व्हिलाचा जन्म कुठे झाला माहितीये? मालदीवमध्ये नाही. १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायाटिया बेटावर, तीन अमेरिकन मित्रांच्या हॉटेलात. त्यांच्याकडे धड बीच नव्हता, म्हणून त्यांनी खोल्या पाण्यावर बांधल्या. म्हणजे जे आज बेटावरचं सगळ्यात महागडं स्वप्न आहे, ती मुळात अडचणीतून काढलेली वाट होती.

तरीही त्या डेकवर बसायची मजा काही और, यात वाद नाही. पण बुक करण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे खाली काय आहे. उथळ, वाळूच्या लगूनवर व्हिला असेल तर पाणी फोटोत झक्कास निळं दिसतं, पण मासे तुरळक. मासे हवे असतील तर प्रवाळाची कडा, म्हणजे हाउस रीफ किती जवळ आहे ते विचारा. तिथेही अपेक्षा बेताची ठेवा. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून मालदीवचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं.

दुसरी गोष्ट दिशा. ‘सनसेट व्हिला’ ऐकलं की आपण लगेच फिदा. पण सूर्य मावळतो पश्चिमेला, आणि साधारण मे ते ऑक्टोबर तिथला वारा त्याच बाजूने येतो. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्य मान्सूनच तो! त्या दिवसांत पश्चिमेची बाजू जास्त वाऱ्याची आणि लाटांची, पूर्वेची सनराइज बाजू त्या मानाने शांत. डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चित्र उलटं. एकच व्हिला जुलैत आणि फेब्रुवारीत दोन वेगळे व्हिला असतात. पॉइंट्स मात्र बाजू बघून कमी होत नाहीत.

अर्थात पावसाळा वाईटच असंही नाही. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे, आणि तिथल्या हनिफारूच्या खाडीत मांटा रे जमतात ते जून ते नोव्हेंबरच्या सुमारासच. त्यांच्यासाठीच जायचं असेल तर सीप्लेनचे पैसे वसूल. पण आम्हाला रजा मिळत होती फेब्रुवारीत, मार्च एंडिंगच्या आधी. म्हणजे मांटाचा मुद्दाही निकालात निघाला.

दोन अधिक तीन

मग मी हुशारीने तोडगा काढला. दोन रात्री वाळूवर, तीन रात्री पाण्यावर. घरात शांतता, सगळे खूश!

गणिताने तोही हाणून पाडला. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या की एक रात्र फुकट असते. हिल्टनमध्येही पाचवी फुकट, पण सिल्व्हर किंवा वरची लेव्हल लागते. हे सगळं एकाच बुकिंगमध्ये हवं. खोलीचा प्रकार बदललात की बुकिंग दोन होतात आणि फुकटची रात्र उडते. रात्रीला ५०,००० पॉइंट्स धरले तर चारचे २ लाख लागायचे तिथे पाचचे अडीच लाख. वर वॉटर व्हिलाचा जास्तीचा फरक वेगळाच. तडजोडीचं भाडं एक आख्खी रात्र!

मी वैतागून म्हटलं, ‘शेवटी पॉइंट्स माझे आहेत.’

तो शांतपणे म्हणाला, ‘आपले आहेत. तू जितक्या रात्री हॉटेलात झोपलीस, तितक्याच रात्री मी इथे एकटा जेवलो.’

यावर शीटमध्ये काही टाकता येईना. तीन वर्षं, आठवड्याच्या चार रात्री. माझ्या खात्यात जमा झालेल्या प्रत्येक रात्रीचं अर्धं बिल घरी कुणीतरी टीव्हीसमोर ताट घेऊन भरलेलं होतं. त्याची परतफेड करायला जायचं आणि ज्या डेकवर त्याला धाकधूक वाटेल तिथे पाच दिवस बसवायचं?

तेव्हा ठरलं. वाळूवरचा व्हिला, पश्चिमेची बाजू, स्पीडबोटीचं बेट, सलग पाच रात्री. सीप्लेनचे वाचलेले डॉलर जेवणात, आणि एक दिवस बोटीने डॉल्फिन बघायला. वाळूवरून पाण्यात उतरायचं तर आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर. जिथे भीती वाटेल तिथे थांबता येतं, शिडीवर ती सोय नसते. गंमत म्हणजे बुकिंग झाल्यापासून स्वारी दर रविवारी सोसायटीच्या पूलवर जाते. मी काहीही म्हटलेलं नाही, शप्पथ!

जाता जाता

बुक करण्याआधी रिसॉर्टला एक मेल टाका आणि चारच गोष्टी विचारा. पॉइंट्सवर नेमका कुठल्या प्रकारचा व्हिला मिळणार? (बहुधा सगळ्यात साधा मिळतो, वेबसाइटवरच्या मोठ्या फोटोतला नाही.) बोट किंवा विमानाचं भाडं किती आणि शेवटची फेरी किती वाजता? व्हिला कुठल्या दिशेला? हाफ बोर्ड घेतलं तर करांसकट किती? उत्तरं लेखी घ्या. कॅन्सलेशनची मुदतही बघून ठेवा, मालदीवमध्ये ती अनेकदा महिनाभर आधीच संपते.

आणि पॉइंट्स फार साठवत बसू नका. ती एफडी नाही, बर्फाची लादी आहे. मॅरियटने २०२२ मध्ये ठरावीक दरांचा तक्ताच काढून टाकला. तेव्हापासून कुठल्या रात्रीला किती पॉइंट्स, हे मागणीप्रमाणे बदलतं. व्हिला आज ना उद्या मिळेल. दोघांच्या रजा एकाच आठवड्यात मंजूर होणं, हे त्याहून दुर्मीळ. तो अर्ज आधी टाका!