घरपट्टीची पावती आणि सहावीचा प्रकल्प

सहामाही परीक्षा जवळ आली की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत ‘प्रकल्पा’ची गर्दी सुरू होते. किल्ल्यांचे तक्ते, राष्ट्रपुरुषांची चित्रे, रंगीत कागद. रात्री पालक जागून चित्रे कापतात, डिंक लावतात, स्केचपेनने चौकटी आखून देतात. शाळेत वहीवर शेरा पडतो ‘छान’ आणि दहापैकी नऊ गुण मिळतात. नागरिकशास्त्रातले नेमके काय आले म्हणून हे नऊ मिळाले, ते मुलाला सांगता येत नाही आणि पालकालाही नाही.

हे गुण किरकोळ नाहीत. शिक्षण हक्क कायदा आल्यावर महाराष्ट्राने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यात पाचवी-सहावीला आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे प्रकल्पासारख्या सत्रभर चालणाऱ्या कामांच्या गुणांचा, वाटा निम्मा, तर सातवी-आठवीला ४० टक्के ठेवला गेला. पुढे २०१७ मध्ये एनसीईआरटीने इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. सहावीच्या मुलाला इतिहासाची साधने ओळखता यावीत. गावातल्या आणि शहरातल्या स्थानिक संस्था आरोग्य, शिक्षण यांसाठी काय करतात याचे वर्णन करता यावे. आठवीच्या मुलाला मूलभूत हक्क एखाद्या प्रसंगाला लावून पाहता यावेत. ओळखणे, वर्णन करणे, लावून पाहणे: ही तिन्ही कामे मुलाची आहेत, आणि चित्र चिकटवून यांतले एकही होत नाही.

मग प्रकल्प कसा द्यावा? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती घ्या. बहुतेक ठिकाणी तिच्यावर घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टीचेही रकाने असतात. सहावीच्या ‘स्थानिक शासन संस्था’ या घटकाचा गाभाच त्या कागदावर आहे. शिक्षकांनी नाव आणि थकबाकी झाकून एकच पावती सगळ्या वर्गाला द्यावी, म्हणजे कोणत्याही घरची अडचण चारचौघांत उघडी पडणार नाही. आरोग्य कर कोण वसूल करते, त्यातून गावात कोणते काम दिसते, ते होत नसेल तर ग्रामसभेत कसे मांडायचे, एवढेच तीन प्रश्न पुरे आहेत. शहरात हेच काम महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर करता येते.

गुण कशाला, हे काम सुरू होण्याआधीच फळ्यावर लिहिलेले असावे. कर आणि काम यांची जोडी लावली तर तीन, स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट पुरावा म्हणून दिली तर तीन, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा हे सांगितले तर चार. सजावटीला काही नाही.

समजा, एकीने गाईडमधला उतारा सुवाच्य अक्षरात उतरवला. दुसऱ्याने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करत लिहिले की, वाडीतली गटार महिनाभर तुंबली आहे आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आजी हा प्रश्न विचारणार आहे. आजच्या सवयीने पहिलीला जास्त गुण मिळतात. हा त्या मुलावर अन्याय आहे. शुद्धलेखनाच्या चुका त्याला जरूर दाखवाव्यात. पण त्या मराठीच्या तासाच्या, नागरिकशास्त्राचे गुण त्यासाठी कापू नयेत. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर हे सारे तोंडी सांगू द्यावे. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम पहिल्यापासून आहे.

शिक्षक म्हणतील, पन्नास मुले, चार विषय, वर निवडणुकीची कामे. इतके तपासायचे कधी? ही तक्रार खरी आहे. म्हणूनच सत्रात पाच प्रकल्प नकोत, एकच असावा आणि तो नीट तपासला जावा. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरत असतात; त्यांतले ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य कोणाच्याही नावापुढे चालते. त्याऐवजी ‘करांचे रकाने ओळखतो, पण ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या कामांत गल्लत करतो’ अशी नोंद असेल, तर सोमवारच्या तासाला तेवढाच भाग पुन्हा फळ्यावर घेता येतो आणि त्या मुलाला पुढच्या बाकावर बोलावता येते.