बॅकला मास्तर कोण?

कोल्हापुरात फुटबॉल न कळणारा माणूस सापडणं अवघड आहे. पाटाकडीलचा फॉरवर्ड कसा चुकला, खंडोबानं बदली खेळाडू कधी उतरवायला हवा होता, दिलबहारच्या गोलकीपरनं कुठं उभं राहायला हवं होतं, हे रिक्षावाल्यापासून रेशन दुकानदारापर्यंत सगळे सांगतात. आणि बऱ्यापैकी बरोबर सांगतात, ही खरी गंमत. पण याच मंडळींना विचारा, "तुमच्या टीमला डिफेन्स कोण शिकवतं?" उत्तर येतं, "त्यात काय शिकवायचंय? धिप्पाड पोरं बघायची आणि मागं उभी करायची."

या एका वाक्यानं आपलं किती नुकसान केलंय याचा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून हा लेख.

निमित्त साधं आहे. इथल्या एका कॉलेजनं (नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही) आपल्या फुटबॉल संघासाठी नवीन प्रशिक्षकांची फळी नेमायचं ठरवलं. मुख्य प्रशिक्षक ठरला. गोलकीपरसाठी एक जण ठरला. राहिला बचाव. त्यासाठी तीन नावं चर्चेत आली. एक, कधीकाळी स्टेडियम डोक्यावर घेणारा नावाजलेला फॉरवर्ड. दोन, बाहेरगावचा, लायसन्स आणि लॅपटॉपवाला तरुण. तीन, पंधरा-वीस वर्षं एका तालमीकडून स्टॉपर खेळलेला, आता गुडघा धरून जिना चढणारा माणूस. बैठकीत तिसऱ्या नावावर लोक हसले म्हणे. "त्याला ओळखतो कोण?"

ओळखत नाही हे खरंच आहे. स्टॉपरला कोण ओळखतं? त्याच्या चुका तेवढ्या ओळखीच्या असतात. फॉरवर्डनं पाच संधी घालवून सहावी मारली की त्याला खांद्यावर घेतात. स्टॉपरनं पंधरा वेळा बॉल काढला आणि सोळाव्या वेळी पाय घसरला, की त्याच्या आई-बहिणीचा उद्धार प्रेक्षकांतून सुरू. हाच माणूस पोरांना शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ज्यानं वर्षानुवर्षं शिव्या खाऊन पुढच्या मॅचला पुन्हा त्याच जागी उभं राहायचं काम केलंय, त्याला बचाव म्हणजे काय हे अंगातून माहीत असतं.

नावाजलेल्या फॉरवर्डबद्दल मला आकस नाही. त्याला फॉरवर्ड शिकवू दे की. पण "त्यानं एवढ्या बॅकना चकवलं, म्हणजे त्याला बॅकची नस माहीत" हा जो युक्तिवाद झाला, तो ऐकून हसावं की रडावं कळेना. चोराला कुलुपं उघडता येतात, म्हणून कुणी त्याला कुलुपं घडवायला बसवत नाही. समोरचा बॅक कधी फसतो हे फॉरवर्डला ठाऊक असतं, मान्य. पण न फसण्यासाठी चौघांनी एकमेकांपासून किती अंतरावर राहायचं, कुणी बॉलवर जायचं आणि कुणी त्याच्या मागं राहायचं, कधी सगळ्यांनी मिळून पुढं सरकायचं, हे त्यानं आयुष्यात कधी केलेलंच नसतं.

खरं म्हणजे हे आपल्याला परकं असायला नको. आपले निम्मे संघ तालमींचे. लाल मातीत नव्या पोराला पहिल्यांदा काय शिकवतात? ढाक? कलाजंग? नाही. पवित्रा शिकवतात. पाय कसा मागं ठेवायचा, वजन कुठं घ्यायचं, समोरचा पटात शिरायला आला तर काय करायचं. डाव नंतर. वस्तादाला ठाऊक असतं की ज्याला उभं राहता येत नाही त्याला डाव शिकवून उपयोग नाही. हीच तालीम फुटबॉलचा संघ उतरवते तेव्हा पवित्रा विसरते आणि सगळा पैसा डावावर लावते.

कबड्डी घ्या. चढाईवाला आला की सातही जण एका दोरीत बांधल्यासारखे सरकतात. कोपरा, कव्हर, साखळी, प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुणी आगाऊपणा करून एकटाच झेपावला की गुण गेला. फुटबॉलमधला बचाव याहून वेगळा नाही. जगभर चार बॅकच्या कमरेला दोरी बांधून सराव घेतात, अंतर सुटू नये म्हणून. आपल्याकडे दोरी फक्त नेट बांधायला आणतात, तीही कधीकधी अपुरी पडते.

आता मोठ्या गोष्टी. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनानं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा पेठापेठांतून काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मेस्सीचे कटआउट, झेंडे, फटाके. जिंकायलाच हवं होतं, मलाही आनंद झाला. पण त्या संघाच्या बाकावर कोण बसलं होतं हे किती जणांना ठाऊक आहे? मुख्य प्रशिक्षक स्कालोनी, स्वतः राइट बॅक. त्याच्या बाजूला रॉबर्टो अयाला आणि वॉल्टर सॅम्युएल, दोघंही आपल्या काळातले जबरदस्त स्टॉपर. पुढच्या खेळासाठी पाब्लो आयमार होता, पण बचावाचे दोन हाडाचे जाणकार शेजारी घेऊनच स्कालोनी बसला होता. ज्या देशाकडे मेस्सी आहे तो देश बचावाला दोन माणसं देतो. आपल्याकडे मेस्सी नाही आणि आपण एकही द्यायला तयार नाही!

त्याच वर्ल्ड कपात मोरोक्को उपांत्य फेरीत गेलं. तिथपर्यंतच्या पाच सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही त्यांच्याच खेळाडूचा, कॅनडाविरुद्ध. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल यांपैकी एकालाही गोल करता आला नाही. त्याआधी २००६ ची इटली. सात सामन्यांत दोन गोल खाल्ले, एक स्वयंगोल आणि दुसरा अंतिम सामन्यात झिदानची पेनल्टी. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर कॅनाव्हारो नावाच्या स्टॉपरला मिळाला.

आणि आपला देश? १० सप्टेंबर २०१९, दोहा. आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी भारतानं शून्य-शून्य रोखलं. सुनील छेत्री त्या दिवशी खेळलाही नव्हता. गेल्या काही वर्षांतला भारताचा सर्वांत अभिमानाचा निकाल कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. एकही गोल नसलेला.

जवळचं उदाहरण हवं तर गोव्याला जाऊ. आर्मांदो कोलासो यांच्या धेंपोनं २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाची लीग जिंकली. त्या काळात धेंपोच्या मागच्या फळीत खेळलेले समीर नाईक आणि महेश गवळी पुढं काय झाले? समीर धेंपोचाच प्रशिक्षक झाला, गवळी भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक. खेळून झालेल्या स्टॉपरला घरी न पाठवता शिट्टी हातात दिली. कोल्हापुरात असा स्टॉपर रिटायर झाला की तो पुढच्या वर्षी आपल्याला फक्त गॅलरीत दिसतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंडाकृती बॉल हातात धरून पळण्याचा, पण मुद्दा तोच. तिथं बचावाचा प्रशिक्षक ही स्वतंत्र, मानाची आणि भरपूर पगाराची जागा. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात बड फॉस्टर नावाच्या माणसानं १९९५ पासून २०१९ च्या हंगामापर्यंत बचाव सांभाळला. कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा जेवणाचा डबा त्यानं बचावफळीचं चिन्ह केला. कष्ट करणाऱ्यांचं हे काम, असा त्याचा अर्थ. २०१५ मध्ये मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर निवृत्त झाले. नवा माणूस आला, जस्टिन फ्युएंटे. नवा साहेब आला की जुनी माणसं जातात, ही रीत तिथंही आहे, आपल्यापेक्षा जास्तच. पण त्यानं फॉस्टरला ठेवलं. आपल्या कॉलेजांत जिमखान्याचा प्रमुख बदलला की शिट्टीसुद्धा बदलते.

लायसन्सवाल्या तरुणाकडे येतो. लायसन्सला माझा विरोध नाही, उलट ते हवंच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची डी, सी, बी, ए अशी पायरी आहे आणि ती प्रत्येकानं चढावी. पण डी लायसन्सचा कोर्स काही दिवसांचा असतो, स्टॉपरची वीस वर्षं त्यात भरून निघत नाहीत. जुन्या स्टॉपरला कॉलेजनं फी भरून कोर्सला पाठवावं, हे जास्त सोपं आणि स्वस्त. लॅपटॉप त्याला पोरंच चालवून दाखवतील.

"जुना खेळाडू आला की पोरांना लाथा घालायला शिकवतो," असं एक सर म्हणाले. खोटं नाही ते. असे आहेत. बॉल नाही तर माणूस, हे त्यांचं तत्त्वज्ञान. याची किंमत कोण देतं? माझ्या ओळखीतला एक एकोणीस वर्षांचा पोरगा, मुरमाड मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामन्यात घसरून टॅकलला गेला. अंगावर न जाता समोरच्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचं असतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशनला बापानं सोसायटीचं कर्ज काढलं. पोलीस भरतीची तयारी करत होता, ती तिथंच संपली. आणि मैदानावरच्या हाणामाऱ्या, प्रेक्षकांत उठणारे दंगे, त्यांतल्या किती घटनांची सुरुवात अशाच एका अडाणी टॅकलनं होते ते तुम्हीच आठवा.

म्हणून कुठलाही जुना स्टॉपर चालेल असं माझं म्हणणं नाही. निवडायची एक साधी रीत सांगतो. उमेदवाराला एक सामना दाखवा, अगदी साधा, पेठेतला. गोल झाला की विचारा, "हा गोल कुणामुळे झाला?" जो "गोलकीपर झोपला" म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या. जो "स्टॉपर हलका पडला" म्हणेल त्यालाही. जो म्हणेल, "अर्ध्या मिनिटापूर्वी तिकडं थ्रो-इन झाला, तेव्हा लेफ्ट बॅक वर राहिला आणि त्याची जागा भरायला हाफ आला नाही, तिथंच गोल झाला," त्याला सोडू नका. मग दुसरा प्रश्न, "लाथ न घालता हा गोल कसा अडवला असता?" त्यानं खडू मागितला तर काम झालं.

आणि त्याला किमान तीन वर्षं द्या. फॉरवर्ड एका हंगामात चमकतो, बचावफळी एका हंगामात जमत नाही. कॉलेजात पोरं तीन वर्षं असतात. पहिल्या वर्षाला आलेले चार बॅक एकाच माणसाच्या हाताखाली तिसऱ्या वर्षापर्यंत खेळले, तर शिवाजी विद्यापीठाच्या संघालाही त्यांचा उपयोग होईल आणि त्यांच्या त्यांच्या तालमीलाही. ही पोरं शेवटी तिकडंच खेळतात ना.

राहिला पैशाचा प्रश्न. "बजेट नाही" हे उत्तर मला ठाऊक आहे. बाहेरचा खेळाडू आणायला, परदेशी फॉरवर्डची राहण्याजेवणाची सोय करायला या गावात पेठेपेठेत पैसा उभा राहतो, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याला मंडप पडतो. त्यातल्या एका मंडपाच्या भाड्यात त्या माणसाचं बरंच मानधन निघेल. त्याला 'प्रेमापोटी' राबवू नका. नेमणुकीचं पत्र द्या, त्यावर आकडा लिहा, तीन वर्षांची मुदत लिहा. स्कोअरशीटवर आणि फोटोत मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी त्याचं नाव येऊ द्या. नेमणूक हंगामाच्या आधी करा, म्हणजे बॅक कोण घ्यायचे हे त्याला विचारून ठरेल. निवड झाल्यावर त्याच्या हातात उरलेली चार पोरं द्यायची आणि वर जाब विचारायचा, हे यंदा तरी नको.