पुडीत काय आहे?

१ जुलैला डॉक्टर दिन आला की वर्तमानपत्रांतून फॅमिली डॉक्टरांच्या आठवणी सुरू होतात. घरातल्या तीन पिढ्यांच्या प्रकृती तोंडपाठ असणारे, अपरात्री बॅग घेऊन दारात उभे राहणारे, पैशांसाठी कुणाला अडवून न धरणारे डॉक्टर. आणि शेवटी ‘आता ती माणसं राहिली नाहीत’ हा ठरलेला सुस्कारा. सुस्काऱ्याला आमची हरकत नाही. पण या आठवणींत एक गोष्ट कधीच सापडत नाही, ती म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं नाव. लाल औषधाची बाटली आठवते, डोस कळावा म्हणून कंपाउंडरने कातरून तिच्यावर चिकटवलेली कागदाची पट्टीही आठवते. बाटलीत काय होतं हे विचारायची रीत तेव्हा नव्हती. ती आजही नाही. बाटली जाऊन पुडी आली, एवढंच.

संध्याकाळी सातनंतर वस्तीतल्या कुठल्याही दवाखान्यात डोकावा. शे-दीडशे रुपयांत तपासणी, सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या. गोळ्या डब्यातून सुट्या काढलेल्या, नाहीतर पाकिटाचे असे तुकडे केलेले की नाव पुष्कळदा भलत्याच तुकड्यावर राहतं. ‘पांढरी सकाळ-संध्याकाळ, पिवळी जेवणानंतर, ही छोटी गुलाबी झोपताना.’ ताप उतरला तर प्रश्नच नाही. नाही उतरला की रुग्ण मोठ्या रुग्णालयात जातो आणि तिथला डॉक्टर विचारतो, ‘काय औषधं चालू होती?’ उत्तर येतं ते रंगांत. पिवळी प्रतिजैविक होती की नुसतं जीवनसत्त्व? गुलाबी कसली? आधी काय देऊन झालं आहे हे कळत नसल्याने दुसरा डॉक्टर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो, आणि कधी कधी गमावलेले दिवस पैशांहून महाग पडतात.

दवाखाना चांगला की वाईट हे आपण ठरवतो ते ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ या एका निकषावर. गुण सगळ्यांत लवकर कशाने येतो हे कुठल्याही औषध दुकानदाराला विचारा. स्टिरॉइडने धाप दोन दिवसांत बसते, सांधे मोकळे होतात, अंगावरची खाज थांबते. पुढे रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण तोवर त्या गोळीचा आणि या दुखण्याचा संबंध कोण जोडणार? याउलट ‘साधी सर्दी आहे, गरम पाणी प्या, औषध नको’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा कुणी जात नाही. त्याने नीट तपासलं, नीट विचारलं, आणि काही दिलं नाही, हे त्याच्याविरुद्धच जातं.

हे नुसते तर्क नाहीत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णाला कोणती औषधं द्याल असं विचारलं होतं. त्यांनी ८० निरनिराळे औषधक्रम सांगितले. २०१० मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांची तशी पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली. १०६ जणांकडून ६३ औषधक्रम आले, आणि अचूक चिठ्ठी लिहिणारे होते फक्त ६. मग २०१८ साली आणखी एक मोठा अभ्यास आला. त्यात क्षयाची लक्षणं सांगायला शिकवलेली, स्वतः धडधाकट असलेली माणसं मुंबई आणि पाटण्यातल्या बाराशेहून अधिक खासगी दवाखान्यांत रुग्ण म्हणून गेली. त्यांना योग्य मार्गाला लावलं गेलं ते शंभरातल्या साधारण सदतीस भेटींत. उरलेल्यांच्या हाती खोकल्याचं औषध, प्रतिजैविक किंवा आणखी काही पडलं असणार. लेव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक क्षय काही दिवस दडपून ठेवतं. रुग्णाला बरं वाटतं, निदान लांबतं, आणि तोवर तो घरात आणि लोकलच्या डब्यात खोकत असतो. पुडीवर त्या गोळीचं नाव असतं, तर पुढच्या डॉक्टरला निदान संशय तरी आला असता.

दवाखान्यांवर कुणाची देखरेख आहे, हा प्रश्न केला की कायदाच नाही असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दवाखान्यांसह सगळ्या रुग्णसेवांची नोंदणी करणारा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृहांचा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी आहे. एका खोलीतला दवाखाना दोहोंतून सुटतो. मात्र पुडी सुटलेली नाही. १९४५ च्या औषध नियमांतली ‘के’ अनुसूची डॉक्टरला दुकानाच्या परवान्याशिवाय स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची मुभा देते आणि बदल्यात अटी घालते. औषध चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्यांपैकी असेल, म्हणजे प्रतिजैविकं आणि स्टिरॉइडं आलीच, तर पाकिटावर डॉक्टरचं नाव, पत्ता आणि डोस हवा. औषधाचं नाव, रुग्णाचं नाव आणि तारीख वहीत टिपलेली हवी, त्या नोंदीचा क्रमांक पाकिटावर हवा, आणि ती वही दोन वर्षं जपलेली हवी. अशी वही कुठल्या दवाखान्यात पाहिलेली कुणाला आठवते? कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराला २०१४ पासून निवडक प्रतिजैविकांची वेगळी नोंद ठेवावी लागते, आणि औषध निरीक्षक ती पाहायला येऊ शकतो. त्याच गल्लीतल्या दवाखान्याच्या डब्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. चिठ्ठी लिहून दिली तर तेच औषध बाहेर महाग पडतं आणि गरीब रुग्ण अर्धा कोर्स घेऊन थांबतो. महात्मा जोतिराव फुले योजनेचा उपयोग रुग्णालयात दाखल होणाऱ्याला. दवाखान्यातला खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो. सुई दिली नाही तर रुग्ण उठून शेजारच्या दवाखान्यात जातो, हेही खरं. पण नाव न लिहिण्याचं खरं कारण डॉक्टर मंडळी खासगीत सांगतात, ते वेगळंच आहे: नाव कळलं की पुढच्या वेळी रुग्ण परस्पर दुकानातून तीच गोळी आणतो आणि फी बुडते. भीती रास्त आहे. तिचं मूळ आपल्या सवयीत आहे. नळ पाहायला आलेल्या प्लंबरला आपण नुसत्या पाहण्याचे पैसे देतो. डॉक्टरने काही न देता दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि फी मागितली, तर ‘एवढ्याचे एवढे?’ असं विचारतो. मग डॉक्टर सल्ल्याची किंमत गोळीत घालून वसूल करतो, आणि गोळीचं नाव झाकून ठेवतो. फी सल्ल्याची आणि औषधाची अशी वेगवेगळी सांगितली, तर झाकायला कारणच उरणार नाही.

‘गर्दीत लिहायला वेळ कुठे?’ ही सबब मात्र मान्य होण्यासारखी नाही. पाकिटावर ‘१-०-१’ लिहायला कंपाउंडरला वेळ मिळतोच. नेहमीच्या औषधांच्या नावांचे रबरी शिक्के करून घेतले, तर तेवढाही लागणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने नवा कायदा करायची वाट पाहू नये. जुनाच नियम एका परिपत्रकाने सगळ्या दवाखान्यांना कळवावा आणि काही महिन्यांनी वह्या पाहायला माणसं पाठवावीत. डॉक्टरांच्या संघटनांनी संप-मोर्च्यांइतका नाही, तरी थोडा जोर याला लावावा.

तोवर काम रुग्णानेच करायचं आहे. पुडी हातात घेताना म्हणावं, ‘डॉक्टर, यावर नाव लिहून द्या.’ काही डॉक्टर तिथल्या तिथे लिहून देतील, वर एखादी सूचनाही सांगतील. काही म्हणतील, ‘तुम्हाला कळून काय करायचंय?’ हे उत्तर मिळालं तर दवाखाना बदलायला हरकत नाही.